कोळसा कुणाचा, माणसे कुणाची

१३ जानेवारी १९३५ हा रविवार होता. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमेवरच्या सार खोऱ्यात त्या दिवशी मतदान होते. आजाऱ्यांना उचलून मतदान केंद्रात नेले जात होते. पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेलेली माणसे या एका मतासाठी बोटीने परत आली होती. पहाऱ्याला ब्रिटिश, इटालियन, स्वीडिश आणि डच सैनिक होते, सगळे मिळून सुमारे ३,३००. ज्या दोन देशांची या भूमीवर नजर होती, त्यांचा एकही सैनिक त्यांत नव्हता. मतदानाच्या आखणीला सारा वॉम्बॉ या अमेरिकी विदुषींचा सल्ला होता. सार्वमत हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मतदारांनी मत दिले.

दोन दिवसांनी, १५ तारखेला सकाळी, निकाल जाहीर झाला. जर्मनीत जावे म्हणणारे ४,७७,११९. राष्ट्रसंघाचा कारभार आहे तसाच राहावा म्हणणारे ४६,६१३. फ्रान्समध्ये सामील व्हावे म्हणणारे २,१२४.

इतिहासाची पुस्तके बहुधा पहिल्या आकड्यापाशी थांबतात. हिटलरला आपल्या सीमेबाहेर मिळालेला तो पहिला मोठा विजय होता, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. आज त्या दिवसाची आठवण काढताना मात्र तिसऱ्या आकड्याकडे पाहावेसे वाटते. त्याआधीची पंधरा वर्षे सार खोऱ्यातल्या कोळसाखाणी फ्रेंच सरकारच्या मालकीच्या होत्या. ‘मिन दोमानिआल फ्राँसेझ द ला सार’, म्हणजे सारमधल्या फ्रेंच सरकारी खाणी, असे त्या आस्थापनेचे नाव. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या पगारपत्रकावर सत्तर हजारांहून अधिक कामगार होते आणि खोऱ्याची लोकसंख्या होती सात-आठ लाखांच्या आसपास. बायकामुले धरली तर ढोबळ हिशेबाने दर तीन माणसांतल्या एकाची चूल या पगारावर पेटत होती. दुकानदार, शिंपी, खानावळवाले वेगळेच. आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा मालकाच्या देशाला मते पडली दोन हजार एकशे चोवीस.

वादग्रस्त भूमीतली खाण सरकारच्या हाती असते तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घ्यायला या आकड्याइतका चांगला दरवाजा नाही.

मुळात या खाणी फ्रान्सला मिळाल्या त्या एका खऱ्या अन्यायाची भरपाई म्हणून, हे आधी मान्य केले पाहिजे. पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधल्या लाँस आणि आसपासच्या कोळसाखाणी जर्मन सैन्याने उद्ध्वस्त केल्या, खाणींत पाणी सोडले, यंत्रे मोडून टाकली. युद्ध संपले तेव्हा फ्रान्सचा कोळसा पाण्याखाली होता. १९१९च्या व्हर्साय तहाच्या ४५व्या कलमाने सारच्या खाणी पूर्ण आणि निर्वेध मालकीने फ्रान्सला दिल्या. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना खाणींबरोबर प्रदेशही हवा होता. तिथे दीड लाख फ्रेंच राहतात, असा दावा त्यांनी परिषदेत केला. सोळा वर्षांनी मतपेटीतून बाहेर पडलेल्या दोन हजार एकशे चोवीस मतांशेजारी हा दीड लाखांचा आकडा ठेवून पाहावा. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन प्रदेश द्यायला तयार नव्हते. मग तोड निघाली. जमिनीखालचे सगळे फ्रान्सचे. जमिनीवरचा कारभार पंधरा वर्षे राष्ट्रसंघाच्या पाचजणांच्या आयोगाकडे: एक फ्रेंच, एक स्थानिक, तीन इतर देशांचे. पंधरा वर्षांनंतर लोकांना विचारायचे. लोक जर्मनीकडे गेले तर जर्मनीने खाणी सोने मोजून परत विकत घ्यायच्या.

या तोडीचे कौतुक त्या काळी पुष्कळ झाले आणि काही अंशी ते रास्तही होते. प्रदेश गिळून टाकण्यापेक्षा हा मार्ग सभ्य होता. पण खालचा कोळसा एकाचा आणि वरचा माणूस दुसऱ्याच्या सांभाळाखाली, ही वाटणी कागदावरच शक्य असते. खाणीत उतरणारा माणूस रोज दोन्हीकडे राहतो. पहाटेच्या पाळीला तो फ्रान्सचा नोकर होई, दुपारी वर आला की राष्ट्रसंघाचा पाल्य, आणि घरी जाऊन जेवायला बसला की जर्मन.

त्यातून सारचा खाणकामगार कसा होता, हे लक्षात घ्यायला हवे. खाणीशेजारच्या चाळींत आणून टाकलेली मुळे उखडलेली वस्ती असे चित्र इथे लागू पडत नाही. या खाणी अठराव्या शतकाच्या मध्यापासून राज्यकर्त्याच्या मालकीच्या. संस्थानिक विल्हेल्म हाइनरिश याने त्या आपल्या ताब्यात घेतल्या. पुढे क्रांतीनंतरच्या फ्रान्सने आणि नेपोलियनने त्या चालवल्या, १८१५नंतर प्रशियाने. प्रशियाच्या खाण खात्याने कामगारांना गावात स्वतःचे घर बांधायला कर्ज आणि बक्षीस दिले. त्यामुळे कामगार गावातच राहिला. दोन-चार गुंठे जमीन, बटाट्यांचा वाफा आणि एक शेळी. शेळीला तिथे ‘खाणकामगाराची गाय’ म्हणत. लांबच्या गावचे लोक आठवडाभर खाणीजवळच्या निवाऱ्यात झोपत आणि शनिवारी मैलोन्‌मैल चालत घरी जात. या तंगडतोडीमुळे त्यांना नाव पडले ‘हार्टफ्युसलर’, निबर पायांचे. भेटल्यावर एकमेकांना म्हणायचे ‘ग्ल्युक आउफ’, सुखरूप वर या. ४ डिसेंबरला खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बरा हिचा सण. अशा माणसाला फक्त मजुरीचा दर बघणारा हात समजणे ही पहिली चूक, आणि नवा मालक ती करून बसला.

फ्रेंच खाण प्रशासनाने पगार फ्रँकमध्ये द्यायला सुरुवात केली. जर्मनीत मार्क कोसळत होता तेव्हा फ्रँकचा पगार कामगाराच्या पथ्यावरही पडला, हे नाकारता येत नाही. पण पुढे फ्रँकही घसरू लागला, महागाई चढली आणि मजुरी मागे राहिली. १९२३च्या फेब्रुवारीत, फ्रेंच सैन्य जर्मनीच्या रूर खोऱ्यात घुसले असताना, सारचे सत्तर हजारांवर खाणकामगार संपावर गेले. शंभर दिवस तो संप चालला. मागणी मजुरीची होती. रूरच्या कामगारांबद्दलची सहानुभूतीही तिच्यात मिसळलेली होती. कामगाराच्या मनात पोट आणि देश वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात.

या संपाला मिळालेले उत्तर आजही वाचताना बोचते. आयोगाचे अध्यक्ष व्हिक्टर रोल फ्रेंच होते. त्यांनी मार्चमध्ये वटहुकूम काढला: व्हर्साय तहाची किंवा राष्ट्रसंघाची जाहीर निंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. कामगार मजुरी मागत होते, आणि शिक्षा ठरली ती तहाबद्दल बोलण्याची! ब्रिटिश संसदेत यावर टीकेची झोड उठली आणि राष्ट्रसंघाच्या परिषदेला आयोगाकडून जाब घ्यावा लागला. जगातल्या लहान राष्ट्रांचा आधार म्हणवणारी संस्था आपल्या पाल्यांची तोंडे बंद करते आहे, हे दृश्य कुणालाच परवडणारे नव्हते. तरीही वटहुकूम का निघाला, हे समजणे कठीण नाही. खाणीचा मालक आणि राज्यकारभार करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष एकाच देशाचे होते. मालकाविरुद्धची तक्रार आपोआप राज्याविरुद्धचा गुन्हा झाली. खाण सरकारी असणे वाईट नाही. आपल्या देशातल्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाने कामगारांना काय मिळाले, हे वणी-चंद्रपूरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण जिथे सरकार कुणाचे हाच वाद असतो, तिथे सरकारी मालकाकडे कामगाराने न्याय मागितला की त्याच्याकडे आधी संशयाने पाहिले जाते.

मग शाळा. तहाच्या जोडपत्राने फ्रान्सला खाण कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची मुभा दिली होती. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ती सोय रास्तच होती. पण त्या शाळांत जर्मन कामगारांची मुलेही जाऊ लागली आणि मुलाला फ्रेंच शाळेत घाला म्हणून खाणीत बापावर दबाव येतो, ही तक्रार पंधरा वर्षे थांबली नाही. भाषा कुणाला शत्रू नसते, फ्रेंच तर नाहीच. तीच भाषा बाजारातून, लग्नातून, शेजाऱ्याकडून घरात आली असती तर लोकांनी ती हसत शिकली असती, कारण सीमेवरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा वापरतच जगतात. ती नोकरीच्या धाकाबरोबर आली. मराठी वाचकाला हे अधिक समजावण्याची गरज नाही. सीमाभागातल्या शाळेच्या फळ्यावर कोणती लिपी उमटते, यावरून काय काय पेटते, ते आपण पाहिले आहे.

लोकांना बोलायला जागा होती ती १९२२मध्ये निवडून आलेल्या ‘लांडेसराट’ या मंडळात. त्याने सल्ला द्यायचा, निर्णय आयोगाचा. म्हणजे पंधरा वर्षांत सारच्या माणसाला निर्णायक असे एकच मत मिळायचे होते, आणि ते १९३५मध्ये. तोवर साठलेले सगळे त्या एका मतात ओतले जाणार होते.

आणि खाण तर आपल्या नियमाने चालतच होती. सार खोऱ्याच्या कोळशात मिथेन वायू आहे. प्रशियाच्या काळात १८८५ साली काम्पहाउझेनच्या खाणीत स्फोट झाला, १८० माणसे गेली. १९०७ साली रेडेनच्या खाणीत १५०. फ्रेंचांच्या काळात, ऑक्टोबर १९३०मध्ये, मायबाखच्या खाणीत जवळजवळ शंभर. त्याच्या चारच दिवस आधी आखेनजवळ आल्सडॉर्फला जर्मनीच्या खाणीत २७१ माणसे मेली होती. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच आठवड्यात शवपेट्या निघाल्या.

१९३३च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि सारच्या प्रश्नाचा अर्थ बदलला. तोपर्यंत जवळजवळ सगळे पक्ष जर्मनीत परतण्याच्या बाजूचे होते. आता परतायचे होते ते ज्या देशात कामगार संघटना मोडल्या जात होत्या, विरोधक छळछावणीत जात होते, त्या देशात. समाजवादी नेते माक्स ब्राउन आणि कॅथलिक पत्रकार योहानेस हॉफमान यांनी उघड सांगितले: आज जर्मनीत जाणे म्हणजे जर्मनीवर प्रेम करणे नव्हे, काही वर्षे थांबा. नॉइनकिर्शेनला खाणकामगाराच्या घरी जन्मलेला बावीस वर्षांचा एक तरुण कम्युनिस्टही त्याच प्रचारात फिरत होता. त्याचे नाव एरिख होनेकर. पुढे पूर्व जर्मनीचा सत्ताधीश म्हणून जगाने त्याला ओळखले, आणि तिथे तोही लोकांना भिंतीआड कोंडणाऱ्यांत होता. पण १९३५च्या त्या प्रचारात तो योग्य बाजूला होता.

समोर ‘डॉइचे फ्रॉन्ट’ ही जर्मनीत जाण्याचा प्रचार करणारी आघाडी होती. तिच्यामागे बर्लिनचा पैसा, रेडिओ आणि धमक्या. मत गुप्त आहे, पण आम्हाला कळेल, अशी कुजबुज. त्रिअर आणि श्पायरच्या बिशपांनी मातृभूमीशी निष्ठा हे नैतिक कर्तव्य असल्याचे सांगून कॅथलिक कामगाराच्या मनातली शेवटची शंका दूर केली. आणि एक साधी, बोलीतली घोषणा: ‘निक्स वी हेम’. बस्स, घरी चला. आयोगाचे त्या वेळचे अध्यक्ष ब्रिटिश मुत्सद्दी जेफ्री नॉक्स धोका ओळखून होते. पण त्यांच्या हाताखालच्या पोलिसांतलेच कितीतरी जण मनाने सीमेपलीकडे गेलेले होते.

या मतदानाकडे पाहताना मराठी माणसाला १६ जानेवारी १९६७ आठवल्याशिवाय राहत नाही. गोव्याच्या जनमत कौलात फूल की दोन पाने, एवढाच प्रश्न होता. महाराष्ट्रात विलीन व्हावे म्हणणारे १,३८,१७०, वेगळे राहावे म्हणणारे १,७२,१९१. तो निकाल ज्यांना लागला त्यांना लागला, पण कौल नि:पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता, आणि हरलेल्या बाजूच्या माणसाला दुसऱ्या दिवशी घर सोडून पळावे लागले नाही. सारमध्ये मतदानाच्या दिवशीची व्यवस्था निर्दोष होती. मतमोजणीत खोट काढायला जागा नव्हती. पण हरणाऱ्याचे पुढे काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. अशा वेळी मतपेटी कितीही सचोटीची असो, मत मोकळे राहत नाही. म्हणूनच ‘जैसे थे’ला पडलेली ४६,६१३ मते हा त्या दिवसाचा खरा अभिमानाचा आकडा आहे. शेजारी, पाद्री, वर्तमानपत्र, भाऊबंद सगळे एका बाजूला असताना त्या माणसांनी दुसरीकडे खूण केली.

१ मार्च १९३५ला प्रदेश जर्मनीच्या ताब्यात गेला. खाणींचे मोल ठरले ९० कोटी फ्रँक. हजारो लोक सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. त्यांत ब्राउन होते, हॉफमानही होते. सारमधल्या ज्यूंना मालमत्तेसह निघून जायला एक वर्षाची मुदत मिळाली होती. जे राहिले, त्यांना २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन आणि फाल्त्सच्या ज्यूंबरोबर आगगाडीत कोंबून दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत टाकले गेले. खाणी आता ‘सारग्रुबेन’ या नावाने जर्मन सरकारच्या कंपनीकडे होत्या. युद्धात तिथे युद्धकैदी आणि पकडून आणलेले परदेशी मजूर कोळसा काढत होते. घरी चला म्हणत गेलेल्या कामगाराच्या शेजारी गुलामाला उतरवले गेले.

१९४५नंतर पुन्हा फ्रान्स आला आणि खाणी पुन्हा फ्रेंच ताब्यात गेल्या. सारचे स्वतंत्र संविधान झाले, हॉफमान परत येऊन मुख्यमंत्री झाले, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सारचा स्वतंत्र संघ उतरला. हा काळ थोडक्यात सांगून पुढे जायला हरकत नाही. खऱ्या अर्थाने नवे घडले ते दुसरेच. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी सुचवले की फ्रान्स आणि जर्मनीचा सगळा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेच्या देखरेखीखाली ठेवावे, दुसऱ्या देशांनाही त्यात येऊ द्यावे. शूमान स्वतः सीमेवरचे. जन्म लक्झेंबर्गमधला, घराणे लोरेनचे, तारुण्यात जर्मन नागरिक आणि नंतर फ्रेंच खासदार. सारच्या खाणींचा झगडा त्यांच्या उंबऱ्यावरचा होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला सहा देशांनी तहावर सह्या केल्या. आजच्या युरोपीय संघाची पायाभरणी ती हीच. कोळसा कुणाचा, हा प्रश्न त्यांनी जिंकला नाही. तो विचारण्याची गरजच कमी केली. एवढी शहाणी गोष्ट विसाव्या शतकाच्या राजकारणात फार थोड्या वेळा झाली.

तरी सारच्या लोकांनी स्वतःची वाट धरलीच. सारला ‘युरोपीय’ दर्जा देणारा करार २३ ऑक्टोबर १९५५ला मतास टाकला तेव्हा दोन तृतीयांशांनी नकार दिला. १ जानेवारी १९५७ला सार पश्चिम जर्मनीचे राज्य झाले. या वेळी कुणी पळाले नाही, कुणाला छावणीत जावे लागले नाही. फ्रान्सने निकाल मानला आणि बदल्यात वार्न्टच्या जंगलाखालचा कोळसा १९८१पर्यंत काढण्याचा हक्क घेतला. जर्मन भूमीखालचा तो कोळसा लोरेनच्या बाजूने वर यायचा. मधल्या सीमेची आता कुणाला भीती नव्हती.

सारच्या खाणी ‘सारबेर्गवेर्के’ या कंपनीकडे आल्या. ७४ टक्के केंद्र सरकार, २६ टक्के राज्य सरकार. ज्या मालकासाठी लोकांनी दोनदा मत दिले तोच मालक, आपल्या भाषेचा, आपल्या झेंड्याचा. ७ फेब्रुवारी १९६२च्या सकाळी लुइझेंथालच्या खाणीत मिथेनचा भडका उडाला. त्याने कोळशाची धूळ पेटली आणि ज्वाळा बोगद्यांतून धावत गेली. २९९ माणसे मेली. काम्पहाउझेन आणि रेडेन यांच्या बेरजेपेक्षा हा आकडा थोडाच कमी आहे, आणि तोही मधल्या दशकांत विज्ञान इतके पुढे गेलेले असताना. त्या खाणीच्या जागी आज संत बार्बरेचे स्मारक उभे आहे.

इथे आमचे म्हणणे स्पष्ट सांगतो. वादग्रस्त भूमीतल्या खाणीबद्दल करार होतात तेव्हा मुत्सद्दी दोन प्रश्न सोडवतात: मालकी कुणाची आणि टनामागे वाटा किती. झेंड्याचा प्रश्न खोटा नसतो. सारच्या माणसाला तो जिवाभावाचा होता आणि त्याला तो विचारला गेला, हे चांगलेच झाले. पण खालची हवा कोण मोजणार, संप केला तर कामगाराचे रक्षण कोण करणार, मुलाची शाळा कोण ठरवणार आणि खाण बंद झाल्यावर पाणी कोण उपसणार, हे प्रश्न व्हर्सायच्या तहात मागेच राहिले. फ्रान्सला दोन हजार मते पडली ती यामुळे. आणि झेंडा बदलल्याने लुइझेंथालची माणसेही वाचली नाहीत.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. १९९८मध्ये सारबेर्गवेर्के एका मार्काच्या नाममात्र किमतीला दुसऱ्या कंपनीकडे गेली. ज्या खाणींसाठी व्हर्सायला राष्ट्रे भांडली त्यांची ती किंमत. २३ फेब्रुवारी २००८ला खोल खोदाईमुळे जमीन हादरली, चार रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला, सारवेलिंगेनच्या चर्चचे दगड निखळले. लोक रस्त्यावर आले, आणि ३० जून २०१२ला सारमधली कोळसा खाण कायमची बंद झाली. लोरेनमध्ये ती २००४मध्येच संपली होती. आता जमिनीखाली उरली आहेत शेकडो वर्षांची पोकळ भुयारे आणि त्यांत चढणारे पाणी. ते उपसण्याच्या खर्चाला जर्मन भाषेत शब्दच आहे, ‘अनंतकाळचा खर्च’ या अर्थाचा. त्यासाठी २००७मध्ये वेगळे प्रतिष्ठान स्थापन करावे लागले. किती उपसायचे आणि किती चढू द्यायचे, यावर गावांचा वाद अजून चालू आहे.

हा जुना इतिहास आजच का काढला, असे कुणी विचारील. युक्रेनच्या पूर्वेला डोनबासमध्ये हेच पुन्हा घडते आहे, आणि तेही अधिक वाईट रीतीने. २०१४पासून तिथल्या खाणी रणरेषेच्या दोन बाजूंना विभागल्या गेल्या. जून २०२०मध्ये लुहान्स्क भागातल्या आंत्रासित शहरात कोम्सोमोल्स्काया खाणीचे कामगार थकलेल्या पगारासाठी खाली बसून राहिले. ती खाण तिथल्या फुटीर सत्तेच्या सरकारी कंपनीची होती, ‘वोस्तोकउगोल’. सत्तेने शहराची नाकेबंदी केली, संपर्क तोडला, कामगारांची धरपकड केली. रोल यांचा १९२३चा वटहुकूम वाचलेल्या माणसाला यात नवे काही दिसणार नाही. आणि पाणी तर कुणाची रणरेषा मानत नाही. येनाकियेव्हेजवळच्या युनकोम खाणीत सोव्हिएत काळात, १९७९मध्ये, खोलवर एक लहान अणुस्फोट घडवला होता. त्या खाणीतले पंप २०१८मध्ये बंद केले गेले. पाणी त्या पोकळीकडे चढू लागले. आसपासची गावे विहिरींवर आणि नद्यांवर जगतात.

डोनबासचे युद्ध एक दिवस थांबेल आणि कुठल्या तरी टेबलावर कागद मांडले जातील. त्या कागदांवर खनिजांच्या वाट्याची कलमे असतील, याबद्दल कुणाला शंका नसावी. ते लिहिणाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे: मालकीचे कलम लिहिण्याआधी पंपांचे कलम लिहा, त्याचा खर्च कोण देणार ते नाव घालून लिहा, आणि खाली उतरणाऱ्या माणसाला संप करण्याचा हक्क कुठलाही झेंडा असला तरी राहील, हे पहिल्याच पानावर लिहा.